बारा पॉइंट अठरा

एकलहरे वसाहत
१४ जुलै १९९६

चि. हर्षालीस मामाचा आशीर्वाद.

तू पुण्याला जाऊन आज अकरा दिवस झाले. पोचल्याचं कार्ड मिळालं. त्यात सहा ओळी, पैकी चार हॉस्टेलच्या मांजरावर. मांजर जाड आहे हे कळलं. तुझं वजन किती ते कळलं नाही.

मुद्द्याचं लिहितो. कॉलेजच्या कोचसरांना पहिल्याच दिवशी आकडा सांग. शंभर मीटर, बारा पॉइंट अठरा सेकंद. शनिवार २२ जून, सकाळी सहा चाळीस, वसाहतीचं मैदान, वारा नाही. (वीज केंद्राच्या चिमणीचा धूर सरळ वर जात होता, मी मुद्दाम पाहिलं.) कोणी मोजलं विचारतील, तेव्हा संकोचू नकोस. मामा दहावी आहेत हे आपणहून सांगायची गरज नाही, विचारलं तर लपवायचीही नाही. सांग, वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला एकवीस वर्षं आहेत, आणि त्यांनी तपासून दिलेल्या गेजवर दुसरा माणूस पुन्हा नजर टाकत नाही. धावण्याचं शास्त्र ते रद्दीतून आणलेली तीन इंग्रजी पुस्तकं आणि एक डिक्शनरी एवढ्यावर शिकले.

पद्धतही सांग. मैदान पोलादी टेपने, ऊन चढायच्या आत मोजलेलं, कारण पोलाद तापलं की वाढतं. तू चुन्याच्या रेषेवर. तुझ्या मागे मामी, हातात दोन फळ्या. शंभर मीटरवर मी, घड्याळ घेऊन, डोळे मिटून. डोळे का मिटायचे हे त्यांना नीट समजावून दे, पुण्यात हे कोणाला सुचलं नसेल. मामी फळ्या वाजवण्याआधी दोनदा पदर सावरते आणि एकदा हात नुसतेच हलवते. बघत बसणारा फसतो. कान फसत नाहीत. फळ्यांचा आवाज कानावर आला की बोट दाबायचं, मग डोळे उघडायचे आणि तू रेषा ओलांडलीस की पुन्हा दाबायचं.

तुझी आई सायखेड्याहून आली होती. म्हणाली, "दादा, पोरीला पळायला धाडलं का शिकायला?" मी म्हटलं, दोन्हीला. तर म्हणे, "मंग पळून झाल्यावर तरी शिकव म्हनावं."

तुझा
धनराजमामा


पुणे
२५ ऑगस्ट १९९६

ती. मामांस हर्षालीचा सा. नमस्कार.

मांजराचं वजन माहीत नाही. माझं ४७.

सरांनी तीनदा वेळ घेतली. १२.६, १२.६, १२.७. मी बारा अठरा सांगितलं, तर त्यांनी विचारलं, कोणी मोजलं? मग मी टेप, फळ्या, मामी, सगळं क्रमाने सांगितलं. डोळे मिटण्यापर्यंत आले, तेव्हा ते "डोळे मिटून?" असं दोनदा म्हणाले आणि हसले. म्हणाले, "मामांचं घड्याळ विसर आता. इथे पहिल्यापासून सुरू कर." मला मुळीच आवडलं नाही. मी म्हटलं, सर, माझे मामा गेज तपासतात. ते म्हणाले, "तपासू देत की."

चार दिवस मी त्यांच्याशी 'हो सर' सोडून काही बोललेले नाही.

तुम्ही काळजी करू नका. जागा नवी आहे, झोप नीट होत नाही. बारा अठराचा कागद ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलाय. दिवाळीच्या आत ती वेळ परत आणते की नाही बघा.

मामीला नमस्कार. पदराचं तिला सांगू नका.

हर्षाली


एकलहरे वसाहत
२ सप्टेंबर १९९६

चि. हर्षालीस आशीर्वाद.

पत्र वाचून मी जेवलो नाही. (मामी म्हणते जेवलास. थोडंसं जेवलो.)

चार दशांशांचा फरक म्हणजे साधारण साडेतीन मीटर. साडेतीन मीटर असे कोणी रस्त्यात टाकून येत नाही. पहिल्यांदा मी घड्याळावर संशय घेतला. आकाशवाणीच्या वेळेशी आठ दिवस लावून पाहिलं, दोष नाही. मैदान पुन्हा मोजलं. शंभर मीटर आणि वर दोन सेंटिमीटर. म्हणजे तू उलट जास्तच पळालीस. तेव्हा दोष तिकडचा आहे. माझ्या मते हॉस्टेलचं वरण. पातळ वरणाने पोट भरतं, मांडी भरत नाही. दुसरं, सर तुला दर पाचव्या दिवशी टेकडीवर पळवतात असं ऐकतो, ते माझ्या पुस्तकात कुठेही नाही.

हे सगळं सरांना सविस्तर कळवलं आहे. चार पानं झाली.

मामा


पुणे
६ ऑक्टोबर १९९६

ती. मामांस सा. नमस्कार.

मामा, पाया पडते, सरांना पत्र लिहू नका. त्यांनी ते मैदानावर वाचून दाखवलं. "वरणाची घनता" इथे सगळ्या मुली कमरेत वाकल्या. आता मेसमध्ये मी ताट घेऊन बसले की कोणीतरी विचारतं, काय गं, आजची घनता?

सर मात्र हसत नव्हते. त्यांनी तुम्हाला कार्ड टाकलंय म्हणे. काय लिहिलंय त्यात?

हर्षाली


एकलहरे वसाहत
१५ ऑक्टोबर १९९६

चि. हर्षालीस आशीर्वाद.

तुझे सर वाटले तेवढे अडाणी नाहीत. कार्डावर एकच वाक्य आहे. "आपण घड्याळ नेमके कशावरून सुरू करता, ते कृपया कळवावे." बघ. पुण्याचा माणूस एकलहऱ्याला पद्धत विचारतो. कार्ड मी सेक्शनमध्ये सगळ्यांना दाखवलं.

त्यांना उत्तर म्हणून आकृतीसह तीन पानं पाठवली. आकृतीत मामी डावीकडे आहे.

क्रीडा मंडळाने वसाहतीच्या क्लबच्या भिंतीवर तुझा आकडा रंगवायचं ठरवलं आहे. अक्षरं सहा इंची. जागा मी सुचवली.

मामा


पुणे
२० डिसेंबर १९९८

ती. मामांस सा. नमस्कार.

फोनवर सांगायला धीर झाला नाही म्हणून लिहिते. विद्यापीठांच्या स्पर्धेत रिलेला आम्हाला रौप्य मिळालं. तिसरा टप्पा माझा. त्यावर रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी माझं नाव गेलंय, बहुतेक भुसावळ मिळेल. आईला हे सांगा, ती खूश होईल.

तिला सांगायचं नाही ते असं. शंभरला मी उपान्त्य फेरीत गेले. इलेक्ट्रॉनिक घड्याळ, १२.४७. अडीच वर्षांत एकदाही मी बारा अठराच्या जवळपास पोचले नाही. सर म्हणतात, चांगली चालली आहेस. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. शिवाय ते बोलतात तेव्हा मी अजून अर्धंच ऐकते, डोळे मिटण्यावर हसले होते तेव्हापासून.

तुमची पत्रं वाचली की बरं वाटतं. तुम्ही कारणं शोधता. मला हल्ली एकच कारण सापडतं.

हर्षाली


एकलहरे वसाहत
९ मार्च १९९९

चि. हर्षालीस आशीर्वाद.

नोकरीचं ऐकून आनंद झाला. तुझ्या आईने सायखेड्यात पेढे वाटले. इकडे ठीक. युनिट तीन बंद आहे, त्यामुळे काम जास्त. मामीचा गुडघा बरा आहे.

आकड्यांकडे फार लक्ष देत जाऊ नकोस. आकडे काय, येतात जातात. तब्येत सांभाळ.

मामा


भुसावळ
१२ मार्च २०००

ती. मामांस सा. नमस्कार.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

मी पळणं सोडते आहे. इथे एक फॉर्म असतो. तो भरला की खेळाची ड्युटी संपते आणि मी दहा ते सहा टेबलावर बसायचं. या वर्षी ३१ मार्चपर्यंत द्यायचाय. एकदा मंजूर झाला की परत संघात घेत नाहीत.

माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ १२.२९. गेल्या महिन्यातली. सगळे म्हणाले, छान. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सतरा वर्षांची असताना, अनवाणी, शेजारी कोणी पळणारं नसताना मी बारा अठरा पळाले होते. त्यानंतर चार वर्षं बूट, दूध, अंडी, सर, टेकड्या, आणि मी मागे आले. काही मुली सतराव्या वर्षापर्यंतच चांगल्या असतात. मी त्यातली. हे एकदा मान्य केलं की टेबल काही वाईट नाही. खिडकीशेजारी आहे.

तुम्हाला दोष नाही. तुम्ही मला चांगली असताना पाहिलंत. वर्ष झालं, तुम्ही आकडा विचारायचं थांबवलंत, तेव्हाच मला कळलं की तुमच्याही लक्षात आलंय. तुम्ही बोलला नाहीत, हा तुमचा चांगुलपणा.

आईला मी सांगेन.

हर्षाली


एकलहरे वसाहत
१८ मार्च २०००

चि. हर्षाली,

आशीर्वाद द्यायची माझी लायकी आहे का ते शेवटी ठरव. फॉर्म देऊ नकोस. आधी हे वाच.

गेल्या वर्षी ७ फेब्रुवारीला, रविवारी, मी सायखेड्याला तुझ्या घरी होतो. सकाळी नदीच्या घाटावर बसलो. पलीकडे चांदोरीच्या काठावर एक बाई कपडे धोपटत होती. धोपटणं खाली आलं, आवाज नाही. वर गेलं, तेव्हा धप्प. पुन्हा खाली, गप्प. वर, धप्प. जन्मापासून हे पाहत आलोय. त्या दिवशी मात्र हातातला चहा विजारीवर सांडला.

आवाजाला यायला वेळ लागतो, हर्षाली. हे सातवीच्या पुस्तकात आहे. माझ्या तिन्ही इंग्रजी पुस्तकांत आहे, एकात चौकट करून: बंदुकीचा धूर दिसला की घड्याळ सुरू करा, आवाजाची वाट पाहू नका. मी ते वाचलं होतं. बाजूला पेन्सिलीने "आपल्याकडे धूर नाही" असं लिहूनही ठेवलं होतं. आणि तुझे सर! 'नेमके कशावरून सुरू करता' हे त्यांनी मला पकडायला विचारलं होतं, आणि मी त्यांना मामीचं चित्र काढून पाठवलं.

हिशेब देतो, निदान तो तरी बरोबर असू दे. २२ जूनला सकाळी तापमान २४ अंश. आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर. शंभर मीटरला ०.२८९ सेकंद. म्हणजे तू पहिलं पाऊल टाकलंस, तेव्हा मी तिकडे डोळे मिटून ऋषीसारखा उभा. शिवाय ऐकल्यावर बोट हलायला ०.१९, हे मी स्वतःवर शंभर वेळा तपासलं. एकूण ०.४८. त्या दिवशी तू बारा अठरा पळाली नाहीस. बारा सहासष्ट पळालीस.

बारा सहासष्टवरून बारा एकोणतीस. तू मागे आली नाहीस. दर वर्षी पुढेच गेलीस. मागे राहिला तो मी.

आता खरं वाईट. मला हे तेरा महिने माहीत आहे. दर रविवारी पत्र लिहायला बसायचो आणि क्लबच्या भिंतीवरची सहा इंची अक्षरं डोळ्यांपुढे यायची. सेक्शनमध्ये काय म्हणतील, डेर्ल्यांचं घड्याळ चुकलं? असं म्हणत तेरा महिने गेले, आणि तू त्याला चांगुलपणा म्हणालीस. ते वाक्य मी पुन्हा वाचू शकलो नाही.

आज मामीला सांगितलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मी फळ्या उशिरा वाजवते म्हणून माझ्यावर का ओरडायचास?" मी उठलो. पेंटरला बोलावून भिंतीवर १२.६६ करून घेतलं. तो म्हणाला, "साहेब, रेकॉर्ड उलटं कसं काय गेलं?" मी म्हटलं, रंग मार.

धनराजमामा


भुसावळ
२४ मार्च २०००

मामा,

पत्र काल मिळालं. फॉर्म मी २० तारखेला दिला.

आधी मी खूप हसले. डोळे मिटून, ऋषीसारखा. मग हसता हसता इतका राग आला की रूममधली सविता (ती गोळाफेकवाली) घाबरून पाणी घेऊन आली. चूक झाली त्याचा नाही. चूक तर मीही केली, सरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, घड्याळ विसर, आणि मी तुमच्या बाजूने त्यांच्याशी अबोला धरला. राग तेरा महिन्यांचा. त्या तेरा महिन्यांत मी रोज सकाळी ट्रंक उघडत होते.

आज आमचे क्रीडा अधिकारी यादव साहेब यांच्याकडे गेले. फॉर्म परत हवा म्हटलं. ते म्हणाले, "बेटा, परत घ्यायचा तर कारण लेखी पाहिजे. चार दिवसांत मन बदललं, हे कारण होत नाही." मी काय लिहू? आवाजाचा वेग? मी तोंडी सांगायला गेले, तर ते म्हणाले, "ज्याने मोजलं त्याचं लेखी आण. सहीचं."

तेव्हा लिहून द्या. ३१ च्या आत पोचलं पाहिजे. आणि मामा, एकदाच सांगते, त्यात वरण नको.

हर्षाली


एकलहरे वसाहत
२७ मार्च २०००
(स्पीड पोस्टने)

मा. क्रीडा अधिकारी श्री. यादव साहेब यांस,

स. न. वि. वि. कु. हर्षाली कुटे हिच्या अर्जासोबत जोडण्यासाठी खालील तपासणी-दाखला सादर करीत आहे. आमच्या सेक्शनचा गेजसाठीचा नमुना वापरला आहे. दुसरा नमुना मला येत नाही.

उपकरण: धनराज केरू डेर्ले, वय ४८, शिक्षण दहावी.
उपयोग: शंभर मीटर धावण्याची वेळ मोजणे.
आढळलेला दोष: डोळे मिटून आवाजाची वाट पाहते. प्रत्यक्षापेक्षा ०.४८ सेकंद कमी दाखवते.
दोषाचा परिणाम: या उपकरणाने १९९६ साली दाखवलेल्या खोट्या आकड्याशी तुलना करून खेळाडूने स्वतःस उतरती समजले व खेळ सोडण्याचा अर्ज केला. प्रत्यक्षात चार वर्षांत तिची वेळ ०.३७ सेकंदाने सुधारली आहे.
अन्य दोष: उपकरणास स्वतःची चूक ७ फेब्रुवारी १९९९ पासून ठाऊक होती. तेरा महिने सांगितली नाही. हा दोष पहिल्यापेक्षा मोठा आहे. तो मोजण्याचे साधन आमच्या सेक्शनला नाही.
निष्कर्ष: खेळाडूत दोष नाही. उपकरण सेवेतून काढावे.

वरील मजकूर मी शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाशिवाय लिहिला आहे. एक प्रत आमच्या सेक्शनच्या फलकावर लावली आहे.

आपला
ध. के. डेर्ले


बंगळूर
११ जून २०००

मामा, सा. नमस्कार.

एप्रिल-मेमध्ये मी लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं. फोनवर मामीशी बोलत होते, ते तुम्हाला माहीत असेलच.

यादव साहेबांनी तुमचा दाखला दोनदा वाचला. मी उभी होते. मग चष्मा काढून म्हणाले, "सत्तावीस वर्षं सर्व्हिस झाली. चूक माझी असं सहीनिशी लिहून देणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता. फाईलला लावतो, बाकीच्यांना दाखवायला होईल." आणि फॉर्म फाडून टोपलीत टाकला.

काल इथे शंभरची फायनल झाली. १२.०७, इलेक्ट्रॉनिक. दुसरी आले.

एक गोष्ट सांगते, कोणाला सांगितलेली नाही. आजवर प्रत्येक शर्यतीत माझ्यापुढे एक जास्तीची मुलगी पळत असायची. अनवाणी, एकलहऱ्याची. मी पहिली आले तरी ती पुढे असायचीच. काल ती नव्हती. पुढे होती ती केरळची एक, हाडामासाची. तिची वेणी उडताना दिसत होती. दिसते तिला गाठता येतं. ऑक्टोबरात पुन्हा तिच्याशीच आहे.

राग अजून गेलेला नाही. जाईल. ट्रंकेतला कागद फाडला तेव्हा निम्मा गेला.

हर्षाली


एकलहरे वसाहत
१९ जून २०००

चि. हर्षालीस आशीर्वाद. (देतोच.)

पत्र घेऊन मी त्याच दिवशी सायखेड्याला गेलो. तुझ्या आईला आकडा सांगितला नाही. आकडे आता तुझे तूच सांगायचे. दुसरी आली एवढंच म्हटलं. ती कांदे निवडत होती. म्हणाली, "दुसरी? मंग पयली कोन आली?" मी म्हटलं, केरळची एक मुलगी आहे. तर म्हणे, "आन् तिच्या घरचे तिला काय खायला घालत्यात?"

मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने हातातले कांदे खाली ठेवले. म्हणाली, "दादा, तुला बरं नाय का?"

मामा